गुंतवळाचा आळ

न्हाणीघराच्या मोरीत पाणी तुंबलं म्हणून धम्मप्रियानं जाळी उचलून आत हात घातला. हाताला केसांचा बोळा लागला. ओला, मुठीएवढा. केस लांबलचक होते, मुळाशी पांढरे आणि पुढं मेंदीनं तांबूस झालेले. म्हणजे तिचे नव्हते, सासूचे होते.

तिनं तो बोळा कागदात गुंडाळून टाकून दिला आणि कुणाला काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिचं लक्ष सारखं सिंधुबाईंच्या डोक्याकडं जायला लागलं.

लातूरच्या त्या गल्लीत सिंधुबाई दोन गोष्टींसाठी माहीत होत्या. एक त्यांच्या हातच्या ब्लाउजची फिटिंग आणि दुसरी त्यांची वेणी. पुढच्या खोलीत मशीनवर बसल्या की वेणी स्टुलाच्या खाली लोंबायची आणि माप द्यायला आलेल्या पोरी तिला हात लावून बघायच्या. धम्मप्रिया लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिनंही ती तशीच पाहिली होती. आता त्या वेणीची उंदराची शेपटी झाली होती. भांग रुंद झाला होता. खिडकीच्या उजेडात बसल्या की टाळूची कातडी दिसायची.

केसांवरच भागलं नव्हतं. सिंधुबाईंना खाज सुटायची. ब्लाउज शिवता शिवता मध्येच थांबून त्या मापाच्या लाकडी पट्टीनं पाठ खाजवायच्या. "अंगावर मुंग्या चालल्यागत होतंय," असं एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि उठून गादी झटकली, चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. मुंग्या कुठंच नव्हत्या. पायांच्या नळ्यांवर पांढरे ओरखडे उमटलेले असायचे. ऐन थंडीत त्या पंखा लावून बसायच्या, घामानं निथळायच्या आणि थोड्या वेळानं शाल मागायच्या. हनुवटीवर दोनचार राठ केस आले होते. ते त्या दाराकडं पाठ करून, आरशापुढं उभ्या राहून चिमट्यानं उपटायच्या. तोंडाला लावायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. आधी चेहरा उजळला, मग लाल झाला. आता ट्यूब लावली नाही की भाजल्यासारखी आग व्हायची, म्हणून त्या रोजच लावत होत्या.

धम्मप्रियानं एक दिवस धीर केला. सासूला ती मामी म्हणायची.

"मामी, एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

"कशाला? बोअरचं पाणी जड हाय. त्यानं केस जायलेत."

"पाणी तर आपल्या सगळ्यांना तेच हाय."

सिंधुबाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "म्हंजे मला एकलीलाच काहीतरी झालंय म्हण की."

धम्मप्रियाला तसं म्हणायचं नव्हतं. पण शब्द गेला तो गेला.

माउली आणि धम्मप्रियानं आपलं लग्न आपणच ठरवून कोर्टात केलं होतं. तो एका दालमिलमध्ये इलेक्ट्रिशियन. ती नांदेडची, बौद्ध घरातली, इथं एका छापखान्यात लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायची. घरच्यांनी आदळआपट न करता ते लग्न चालवून घेतलं होतं. सिंधुबाई तिच्याशी वाईट वागत नव्हत्या, मापात वागत होत्या. कधी टोचून बोलल्या नाहीत आणि कधी जवळ बसवून घेतलं नाही.

संक्रांतीनंतर अक्का आल्या. अक्का म्हणजे नागाबाई, माउलीचे वडील भुजंगराव यांची थोरली बहीण. राहायला शिरूर अनंतपाळला. घरात सगळेच त्यांना अक्का म्हणत आणि सगळेच त्यांना वचकून असत. त्यांनी आल्या आल्या सिंधुबाईंच्या डोक्यावरचा पदर मागं सारला आणि भांगावरून बोट फिरवलं.

"सिंधे, हे गळणं न्हाई. हे कुणीतरी ओढून घ्यायलंय."

"काहीतरीच काय, अक्का."

"काहीतरीच? अंगावर मुंग्या कुणाच्या चालतेत? बिनतापाचं अंग कसं काय भाजतंय? मी भोगलंय हे सगळं. माझ्या जावेनं, त्या महानंदानं केली हुती माझ्यावर. तिला घराबाहेर काढली तवा कुटं मी जगले."

धम्मप्रिया आत भाकरी थापत होती. तिचे हात तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी अक्का सिंधुबाईंना निलंग्याकडच्या एका गावी घेऊन गेल्या. तिथं एक देवऋषी होता. परतल्यावर त्यानं काय सांगितलं ते दोघींनीही सांगितलं नाही, पण भुजंगरावांकडून माउलीला कळलं आणि माउलीनं मान खाली घालून धम्मप्रियाला सांगितलं. देवऋषी म्हणाला होता, भानामती आहे. करणारं बाहेरचं नाही, घरात खातं-पितं. बाईचे केस त्याच्यापाशी आहेत.

"तुला काय वाटतंय?" धम्मप्रियानं विचारलं.

"मला काय वाटायचंय? सोड की. म्हातारी माणसं हायेत."

"मला सोडता येतंय का बघ, माउली. घरात खातं-पितं म्हणजे कोण? तू का तुझे वडील?"

तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला.

घराची हवा पालटली. धम्मप्रियानं ठेवलेला चहा तसाच साय धरून पडायला लागला. सिंधुबाई पाणीही स्वतः उठून घ्यायच्या. फणी मशीनच्या ड्रॉवरमध्ये कुलपात गेली. विंचरून झालं की गुंतवळ त्या पदरात बांधून घेत आणि बाहेर कुठंतरी जाऊन पुरून येत. येताना एकदा दोघींची दारात गाठ पडली. सिंधुबाई अंग चोरून बाजूला झाल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. धम्मप्रियाला रागापेक्षा ती भीती जास्त लागली.

तिनं नांदेडला आईला फोन केला. आईच्या ओळखीत डॉक्टर सदफ म्हणून एक बाई होत्या, कातडीच्या आणि केसांच्या. त्यांच्या दवाखान्यातून शनिवारचा नंबर मिळाला. धम्मप्रियानं ठरवलं, सासू येणार नाही, पण निदान तिचे केस तरी दाखवू, डॉक्टर बघून काहीतरी औषध सांगतील. मोरीच्या जाळीत अडकलेला गुंतवळ तिनं धुऊन वाळवला आणि छापखान्यातून आणलेल्या एका पाकिटात घातला. पाकीट रद्द झालेल्या लग्नपत्रिकेचं होतं. नावात चूक निघाली म्हणून गिऱ्हाईक ते परत देऊन गेलं होतं. पण त्याआधी त्यानं ते देवापुढं ठेवलं होतं, त्यामुळं कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं होतं. तिच्या ते डोक्यातही आलं नाही. पाकीट तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

शुक्रवारी दुपारी ती छापखान्यात असताना माउलीचा फोन आला.

"घरी ये."

"काय झालं? मामींना काय झालं का?"

"तू ये फक्त. लगेच ये."

गल्लीत शिरताच तिला अक्कांच्या घरची जीप दिसली. तिचं तोंड रस्त्याकडं वळवून ड्रायव्हर आतच बसून होता. म्हणजे जीप लगेच निघायची होती. दारात चपला पडल्या होत्या. ती आत गेली. कॉटवर भुजंगराव बसले होते. माउली भिंतीला टेकून उभा होता. सिंधुबाई मशीनच्या स्टुलावर आणि अक्का खाली सतरंजीवर. सतरंजीच्या मधोमध एक ताट होतं. ताटात एक लिंबू आणि ते पाकीट. पाकिटातून केस बाहेर आले होते.

धम्मप्रियानं चौकट धरली.

"हे तुझ्या कपाटात घावलं," अक्का म्हणाल्या. आवाज अजिबात चढा नव्हता. "तुझंच ना?"

"कपाट कुणी उघडलं?"

"ते नगं. तुझं हाय का न्हाई तेवडं सांग."

"पाकीट माझं हाय. केस मामींचे हायेत. मी मोरीतून काढले."

भुजंगरावांच्या तोंडून "अरारा" असा आवाज निघाला. त्यांना बहुतेक वाटत होतं, ही नाही म्हणेल.

"उद्या नांदेडला डॉक्टरला दाखवणार होते," धम्मप्रिया म्हणाली. "मामी यायला तयार न्हाईत म्हणून केस तरी दाखवावेत म्हटलं. नंबर लावलाय. फोन करून विचारा."

"डॉक्टरला केस दाखवायला हळदकुंकू लावतेत का गं?"

तिनं पाकिटाकडं पाहिलं आणि आता तिला ते दिसलं. ती गिऱ्हाइकाचं, चुकलेल्या नावाचं सांगायला लागली. पण सांगता सांगताच तिला कळलं की हे खोट्यासारखं ऐकू येतंय. शब्द अडखळायला लागले. माउलीकडं बघितलं तर तो ताटाकडं बघत होता.

"जीप उभी हाय," अक्का उठत म्हणाल्या. "चल तिकडं. खरं असंल तर भ्यायचं काय? त्याच्यापुढं बसली की बोलती व्हईल. भल्याभल्या झाल्या."

"मी कुठंच येणार न्हाई."

"भुजंगा, हिला धर."

भुजंगराव उठले नाहीत, पण अक्कांनी स्वतःच तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताला भलतं बळ होतं. धम्मप्रियानं झटका दिला तेव्हा तिच्या बांगड्या फुटल्या आणि काच सतरंजीवर उडाली. "माउली!" ती ओरडली. माउली एक पाऊल पुढं आला आणि थांबला. "अक्का, जरा..." एवढंच तो म्हणाला.

तेव्हा धम्मप्रियाच्या ध्यानात आलं की तिला वाचवणारं या खोलीत कुणी असेल तर ती एकच बाई आहे, आणि तीच तिला भ्यायलीय. ती सिंधुबाईंकडं वळली.

"मामी, तुमची पाळी कधी गेली?"

भुजंगराव कॉटवरून उठले, कुणाकडंही न बघता चपला पायात सरकवून बाहेर निघून गेले. माउलीनं भिंतीकडं तोंड केलं.

"बेशरम," अक्का म्हणाल्या.

"सांगा मामी. बाथरूममध्ये तुमचं कापड वाळताना मी किती महिन्यात बघितलं न्हाई. माझ्या आईला असंच झालं होतं. तिलाही मुंग्या येत होत्या. तिचीही वेणी गेली. तिच्यावर कुणी भानामती केली होती? सांगा ना."

सिंधुबाईंच्या गळ्यापासून लाली वर चढत गेली, कानापर्यंत गेली. कपाळावर घाम फुटला, ब्लाउज पाठीला चिकटला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. परत पुसलं. मग तो पदर डोक्यावरून खाली पडला तरी त्यांनी सावरला नाही.

"गेल्या पोळ्याला शेवटची आली हुती," त्या खालमानेनं म्हणाल्या.

"त्याचा हिच्याशी काय संबंध?" अक्कांनी मनगट सोडलं नव्हतं. "चल गं."

"अक्का, थांबा." सिंधुबाई उठून उभ्या राहिल्या. "महानंदाला घराबाहेर काढली तवा तुमचं वय किती हुतं?"

"ते आता कशाला?"

"माझ्या लग्नात तुमचे केस माझ्यापेक्षा दाट हुते. मग गेले. म्हणून महानंदावर आळ आला. सगळ्या गावापुढं तिला हाकलली. नवरा-बायको मुरुडला जाऊन दुसऱ्याच्या घरात राहिले. मी बगितलंय ते सगळं. मी बी तवा म्हणले हुते, बरं झालं, ब्याद गेली."

"तिनंच केलं हुतं! तिच्या उशाला केस घावले हुते माझे."

"बरं, केलं आसंल. मग ती गेल्यावर तुमचे केस परत आले का, अक्का?"

अक्कांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. पदराखाली मागं बांधलेलं उसन्या केसांचं गंगावण होतं, काळंकुळकुळीत. ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि आजवर कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडलं. वीस वर्षं ज्या गोष्टीवर त्या उभ्या होत्या ती पायाखालून सरकताना बाईचा चेहरा कसा होतो, ते धम्मप्रियानं अगदी जवळून पाहिलं. तिला क्षणभर त्यांची दया आली. मनगट अजून त्यांच्याच हातात होतं तरीही.

मग अक्कांनी हात सोडला.

"तू मेलीस तरी या घरात पाय ठेवणार न्हाई," त्या सिंधुबाईंना म्हणाल्या आणि गेल्या. जीप सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली.

सिंधुबाई खाली वाकून बांगड्यांच्या काचा वेचायला लागल्या. धम्मप्रियाच्या हातातून रक्त येत होतं. तिला वाटलं, आता मामी काहीतरी मायेचं बोलतील. पण त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यापुढं, पोरापुढं माझ्या पाळीचं काढलंस. आता मी ह्यांना तोंड कसं दावू?"

"मला जीपमध्ये घालत होते, मामी."

"व्हय. बगितलं मी." काच हातात घेऊन त्या तशाच बसल्या. "किती वाजता निघायचंय उद्या?"

शनिवारी सकाळच्या बसनं दोघी निघाल्या. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, बोलणं असं काही झालं नाही. धम्मप्रियाच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. तिच्या पायाशी मोठी बॅग होती. त्या बॅगेकडं सिंधुबाईंनी दोनदा पाहिलं, पण विचारलं नाही.

डॉक्टर सदफ चाळिशीच्या, ठेंगण्या, भराभरा बोलणाऱ्या. धम्मप्रियानं पर्समधून ते पाकीट काढताच त्यांनी हात हलवला. "केसाचं मी काय करू? डोकं आणलंय ना? मग झालं. या मावशी, उजेडात बसा."

त्यांनी भांग पाहिला, पायांच्या नळ्या पाहिल्या, हनुवटी पाहिली. पाळीचं विचारलं, घामाचं विचारलं, झोपेचं विचारलं. चेहऱ्यापाशी येऊन थांबल्या. "तोंडाला काय लावायलात?" सिंधुबाईंनी ट्यूबचं नाव सांगितलं तशा त्या खुर्चीत मागं टेकल्या. "ती ट्यूब आजपासून बंद. तिच्यानं कातडी पातळ झालीय तुमची. बंद केल्यावर आधी जास्त आग होईल, तोंड सुजेल. घाबरून परत लावायची नाही. मी दुसरं देते, पण थोडे आठवडे निघतील त्रासाचे."

"आन् मुंग्या?"

"पाळी जाताना अंगातलं एक संप्रेरक कमी होतं. कातडीला तेल त्याच्यामुळं असतं, ओल त्याच्यामुळं असते. ते गेलं की कातडी कोरडी पडते, खाजते. कुणाकुणाला मुंग्या चालल्यासारखं होतं. केसांच्या मुळांनाही तेच. डोक्यावरचे बारीक होतात, गळतात, आणि हनुवटीवर नको तिथं उगवतात. थायरॉईड आणि रक्त तपासून घेऊ, कधी कधी ते पण असतं. आंघोळ कोमट पाण्यानं. अंग ओलं असतानाच मलम लावायचं."

सिंधुबाईंनी आपल्या हातांकडं बघितलं. "म्हंजे कुणी काही केलेलं न्हाई."

"कुणी करणार काय?"

"केस येतील का पहिल्यागत?"

"पहिल्यासारखे नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. गळायचे कमी होतील, थोडे नवीन येतील. कमरेपर्यंतचं मला सांगता येत नाही."

तेव्हा सिंधुबाई रडल्या. घरात इतकं सगळं झालं तेव्हा रडल्या नव्हत्या. डॉक्टरांनी खोक्यातला कागदी रुमाल पुढं सरकवला आणि त्यांचं होईपर्यंत औषधं लिहीत बसल्या.

बाहेर आल्यावर धम्मप्रियानं सांगितलं, "मामी, मी परत येत न्हाई. आईकडं राहते."

"किती दिवस?"

"माहीत न्हाई. माउली भिंतीला उभा होता. ते माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई."

सिंधुबाईंनी राहा म्हटलं नाही की चल म्हटलं नाही. बसस्टँडवर खिडकीशी बसल्यावर त्यांनी बाहेर हात काढून धम्मप्रियाचं फडकं बांधलेलं मनगट धरलं. बस हलेपर्यंत धरून ठेवलं.

पुढचे आठवडे वाईट गेले. ट्यूब बंद केल्यावर सिंधुबाईंचा चेहरा सुजला, लाल झाला, पापुद्रे निघाले. गल्लीतल्या बायका ब्लाउज टाकायच्या बंद झाल्या. सिंधुबाई रोज दुपारी धम्मप्रियाला फोन करायच्या. "आग आग व्हायलीय गं. लावू का एकदाच?" धम्मप्रिया म्हणायची, "नका लावू. ओला रुमाल ठेवा." कधी दोघीही बोलायच्या नाहीत, नुसता फोन चालू असायचा. एकदा सिंधुबाई म्हणाल्या, "अक्का खरं बोलत हुती का काय, असं वाटायलंय." धम्मप्रियाला कळलं, ती भीती गेलेली नाही. फक्त आज सासू ती तिलाच सांगतेय.

माउली दोनदा नांदेडला आला. पहिल्यांदा तिनं त्याला दारातूनच परत लावलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मी भ्यालो होतो. तुला न्हाई, त्यांना." ती म्हणाली, "माहीत हाय. पण मला त्या घरात झोप लागणार न्हाई." शेवटी लातुरात छापखान्याजवळ त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. भुजंगराव बरेच दिवस धुमसत राहिले. सिंधुबाई मात्र अधूनमधून दुपारी तिथं यायच्या, हातशिलाईचं काम घेऊन. त्यांनी केस मानेपर्यंत कापून टाकले होते. कापताना त्यांनी धम्मप्रियाला बरोबर नेलं होतं.

उन्हाळा सरताना दोघी पुन्हा डॉक्टर सदफकडं गेल्या. चेहऱ्याची लाली उतरली होती. भांगाच्या दोन्ही कडांना बारीक, आखूड केस उभे राहिले होते. डॉक्टरांनी चष्मा वर करून ते पाहिले आणि औषध चालू ठेवा म्हणाल्या.

सिंधुबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"डॉक्टर, बाई सत्तरीला आली आसंल, आन् केस जाऊन वीस वर्सं झाली आसतील, तर काही व्हतंय का?"

"कोण, तुमची बहीण?"

"नणंद हाय."

"बघितल्याशिवाय कसं सांगू? घेऊन या."

"ती न्हाई यायची," सिंधुबाई म्हणाल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, "मुरुडला तिची जाऊ ऱ्हाती, महानंदा. आदी मला तिच्याकडं जायचंय."

धम्मप्रियानं मागं वळून पाहिलं. बसमध्ये बसल्यावर तिनं विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"ये," सिंधुबाई म्हणाल्या. "मला एकलीला दार वाजवाया व्हायचं न्हाई."